भिंतीकडे बघा

घोटीच्या शाळेत होतो तेव्हापासून मी नकला करतो. हेडमास्तरांची केली, एसटीच्या कंडक्टरची केली, भाताच्या गिरणीवाल्या शेठची केली. शेठची नक्कल नेमकी त्यांच्याच पोरीच्या हळदीत केली आणि जेवणाआधी घरी आलो. हे सांगायचं कारण, माणूस हातात यायला मला फार वेळ लागत नाही. चहा पिऊन होईस्तोवर येतो. देवरे मॅडम यायला मात्र दोन वर्षं लागली, आणि त्यांची एक गोष्ट अजून जमत नाही. त्यांचं 'नाही'.

लोक नाही म्हणतात तेव्हा आवाज तरी चढतो, नाहीतर मान तरी खाली जाते. मॅडमचं नाही म्हणजे कुणी पाण्याचा ग्लास पुढे करावा तसं. "साहेब, हे नाही होणार. बसा ना." समोरचा बसायचा. नाही ऐकून वर थँक्यू म्हणून जायचा. मी आरशासमोर पुष्कळ प्रॅक्टिस केली. माझं एकतर भांडण होतं किंवा माफी होते.

सातपूरला आमचा गिअर बनवायचा कारखाना. त्यात कॉम्प्युटर खातं म्हणजे देवरे मॅडम आणि मी. मी डिप्लोमा करून आलेला, तोंडाळ. त्या सटाण्याकडच्या, पण निम्मं आयुष्य नाशकात गेलेलं, त्यामुळे बोलणं एकदम स्वच्छ. फक्त राग आला किंवा लय आनंद झाला की आतून अहिराणी वर यायची. मग 'आहे'चं 'शे' व्हायचं आणि आम्ही समजून जायचो की आता काहीतरी शे. कपाळावर चष्मा ठेवून टेबलावर चष्मा शोधायच्या. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. ठेचा त्या कुणालाही देत नव्हत्या. "तुला झेपणार नाही," म्हणायच्या. मला वाटायचं चिकटपणा आहे. एक दिवस चोरून खाल्ला. दुपारभर मी कुणाचीच नक्कल केली नाही.

आणि भिंत. मॅडम ॲडमिनचा पासवर्ड टाकणार असल्या, की खुर्चीत बसायच्या, बोटं कीबोर्डवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "भिंतीकडे बघा." मग खोलीत जो कोणी असेल त्याने वळायचं. मी, ऑपरेटर, पाणी द्यायला आलेल्या मावशी, सगळे. एकदा आमचे प्लांट हेड साहेब होते. त्यांना वाटलं हे बाकीच्यांसाठी. मॅडमनी बोटं उचलली आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. साहेब थोडा वेळ उभे राहिले. मग वळले.

हे ॲडमिन म्हणजे काय ते सांगतो. कॉम्प्युटरवर दोन तऱ्हेची माणसं असतात. साधा युजर आपलं काम करतो, फायली उघडतो, प्रिंट काढतो. ॲडमिन वाटेल ते करू शकतो. नवं काही टाकू शकतो, जुनं उडवू शकतो, घर पाडून परत बांधू शकतो. कारखान्यातल्या प्रत्येकाला ॲडमिन व्हायचं होतं. कुणाला घड्याळ बदलायचं होतं, कुणाला कुंडली काढायचं सॉफ्टवेअर टाकायचं होतं. मॅडम सगळ्यांना ग्लासभर 'नाही' पाजायच्या. स्वतःसुद्धा दिवसभर साध्या युजरवर बसायच्या. मेल बघायच्या, रिपोर्ट टाइप करायच्या, सगळं साध्या युजरवर. मी विचारलं, "मॅडम, तुम्ही तर मालकीण. मग?"

"मी काय चुकत नाही का?" म्हणाल्या. "भाजी आणायला जाताना कोणी घराची कागदपत्रं पिशवीत घालून नेतं का?"

त्यांच्याकडे एक लांबुडकी वही होती. कुणाला कसली परवानगी, कशासाठी, किती दिवस, सगळं त्यात हाताने लिहिलेलं. खाली दोन सह्या, त्यांची आणि साहेबांची. ॲडमिनचा पासवर्ड एका लिफाफ्यात बंद, लिफाफ्याच्या जोडावर पण त्याच दोन सह्या, आणि लिफाफा साहेबांच्या कपाटात. मॅडमना उद्या काही झालंच तर म्हणून.

आता म्हातारी. म्हातारी म्हणजे आमच्या तपासणी खोलीतला एक जुना प्रोग्रॅम. गिअर मोजायचा, आकडे म्हातारीत भरायचे, ती सर्टिफिकेट छापणार, सर्टिफिकेट असलं तरच ट्रक गेटबाहेर. नाशिकरोडच्या कुण्या इंजिनिअरने कधीकाळी लिहून दिलेली. तो माणूस परदेशी गेला, त्याचा फोन नंबर पण मेला, म्हातारी जिवंत. निळी स्क्रीन, पांढरी अक्षरं.

तिला चालवायचे रफिकचाचा. मूळचे मालेगावचे. घरी सगळे मागावर, हे एकटेच इकडे गिअरमध्ये आले. रिटायर व्हायला अडीच वर्षं राहिलेली. चाचांनी माऊसला जन्मात हात लावला नव्हता. माऊसवर त्यांची टोपी ठेवलेली असायची. सगळं काम कीबोर्डच्या वरच्या बटणांवर, न बघता. एका हाताने गिअर मोजायचे, दुसऱ्या हाताची बोटं आपोआप चालायची. माग चालतो तसा आवाज यायचा, खटक खटक, खटक. त्यांच्या हातून गेलेला एकसुद्धा गिअर परत आला नव्हता.

तर, म्हातारी ज्या जुन्या कॉम्प्युटरवर राहायची तो उन्हाळ्यात गेला. नवा आला. नव्यावर म्हातारी उठेना. ॲडमिनने सुरू केली तरच उठायची, साध्या युजरला सरळ हाकलायची. जुन्या काळचे प्रोग्रॅम असेच. तेव्हा सगळेच मालक होते, त्यामुळे तिला तीच सवय. साहेब म्हणाले, "बघा, असं आहे, चाचांना ॲडमिन करून टाका, विषय संपला."

"नाही होणार साहेब. बसा ना. मी काढते मार्ग, मला थोडे दिवस द्या."

मार्ग निघेपर्यंत त्या रोज सकाळी स्वतः तपासणी खोलीत जायच्या, पासवर्ड टाकून म्हातारीला उठवायच्या. म्हणजे रोज सकाळी मी आणि चाचा भिंतीकडे तोंड करून उभे. त्या भिंतीवर कपाटाच्या वर ओलीचा एक मोठा डाग होता. तिथे उभं राहून रोज बघितल्यावर मला आणि चाचांना पक्कं दिसायला लागलं की तो उंट आहे. दोन मदार, वाकडी मान, शेपूट.

"मॅडम, खरंच उंट आहे," मी म्हणायचो.

"ओल आहे. पाइप गळतोय," मागून मॅडम. टायपिंग चालूच.

"मॅडम, सागर सच बोल रहा है," चाचा म्हणायचे. "बैठा हुआ ऊंट है."

"झालं. वळा."

त्यांनी एकदाही बघितला नाही. उंट त्यांच्या पाठीमागे आणि त्या कामात.

मग भाचीच्या लग्नाला मॅडम दोन दिवस सटाण्याला गेल्या. जाताना म्हातारी उठवून गेल्या आणि चाचांना सांगून गेल्या, काही झालं तरी बंद करू नका. चाचांनी नाही बंद केली. लाइटवाल्यांनी केली. दुपारी लाइट गेली, आली, आणि म्हातारी झोपलेली. दारात ट्रक उभा. मी मॅडमना दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा नुसता बँड ऐकू आला.

रीतसर काय करायचं होतं? साहेबांकडे जाऊन सांगायचं, मॅडम नाहीत, लिफाफा लागतोय, वहीत सही करा. पण साहेबांनी शंभर प्रश्न विचारले असते. मॅडम रजेवर आहेत हे त्यांच्या गावीही नव्हतं, कारण मॅडम कधी रजाच घेत नसत. मला एक शॉर्टकट दिसला, आणि तो माझ्या घशातच होता. मी दार लावलं, इंटरकॉम उचलला, खांद्यात हलकंसं वाकलो, कारण मॅडम फोनवर तशा वाकतात, आणि बोललो.

लिफाफा पाच मिनिटांत माझ्या हातात.

इथवर तरी एकवेळ माफी होती. नुसतं म्हातारीला उठवून लिफाफा परत द्यायचा. पण मला वाटलं, उद्या परत लाइट गेली तर? एकदाची कटकट मिटवावी. मी चाचांच्या युजरलाच ॲडमिन करून टाकलं. मॅडम यायच्या आत काढू, असं ठरवलं. आणि विसरलो. रात्रपाळीच्या एकाने कंटाळा येतो म्हणून चाचांच्या चालू राहिलेल्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हवरून गाणी उतरवायचं कायतरी टाकलं. साध्या युजरला कॉम्प्युटरने ते टाकूच दिलं नसतं. मालकाला कोण अडवतं? त्या गाण्यांबरोबर आलेल्या पाहुण्याने म्हातारीच्या सगळ्या फायली खाल्ल्या.

मॅडम आल्या. रोजची कॉपी त्या दुसरीकडे ठेवायच्या, त्यामुळे एक दिवसाचंच काम गेलं, ते चाचांनी परत मोजून भरलं. पण गोष्ट वर गेली होती. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बारा दिवसांनी ऑडिटला येणार होतं. कुठल्याही ऑपरेटरकडे ॲडमिनचा हक्क नको, ही त्यांच्या यादीतली पहिली ओळ. साहेबांनी निकाल दिला. "बघा, असं आहे. म्हातारी बंद. नवीन सॉफ्टवेअर घेऊ, नवीन पोरगा बसवू. रफिकला पॅकिंगला टाका."

चाचांनी माऊसवरची टोपी उचलली, झटकली, परत तिथेच ठेवली.

"साहेब, ऑडिटपर्यंत थांबा," मॅडम म्हणाल्या. "तोपर्यंत म्हातारी साध्या युजरवर चालली नाही, तर तुम्ही म्हणाल तसं."

"देवरेबाई, लिफाफा तुम्हीच मागवलात ना फोन करून? आणि आता तुम्हीच—"

मॅडमनी चष्मा कपाळावर नेला. माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

"हो साहेब," म्हणाल्या. "माझ्या खात्याची चूक आहे."

आमच्या खोलीत आल्यावर त्यांनी दार लावलं आणि इंटरकॉमचा रिसीव्हर माझ्या हातात दिला. "काय बोलले मी? परत बोल."

"मॅडम, सॉरी—"

"सॉरी नको. मी काय बोलले ते बोल."

आयुष्यातला सगळ्यात वाईट प्रयोग. मी खांद्यात वाकलो आणि म्हणालो, "साहेब, तो लिफाफा जरा सागरकडे पाठवा ना प्लीज. वहीत मी नंतर सही घेते."

मॅडमनी रिसीव्हर माझ्याकडून घेऊन जागेवर ठेवला. मग म्हणाल्या, "आवाज चांगला लावलास. पण मी प्लीज म्हणत नाही. आणि सही नंतर घेते, असं मी मेले तरी म्हणणार नाही. साहेबांना कळायला पाहिजे होतं." एवढं झाल्यावर मग अहिराणी वर आली. "त्या माणूसना अडीच वरीस बाकी शेतस रे. तुले समजस का काय करी बसना तू?"

मला समजलं होतं. त्यांनी वही पुढे केली. मी काय केलं ते माझ्या अक्षरात लिहिलं, खाली सही. माझं अक्षर इतकं बारीक कधी आलं नव्हतं.

त्या बारा दिवसांतले पहिले तीन आम्ही म्हातारीचं ऐकण्यात घालवले. ऐकणं म्हणजे असं. प्रोग्रॅम सुरू होताना कुठली फाइल मागतो, कुठे लिहायला जातो, कुठे त्याला हाकलतात, हे सगळं ओळीने दाखवणारं एक हत्यार असतं. मॅडमनी चाचांना साधा युजर केलं, हत्यार चालू केलं, म्हणाल्या, "उठवा तिला." म्हातारी उठायला गेली, पडली. पडण्याआधी हजारो ओळी. मॅडम पट्टी लावून एकेक वाचायच्या.

"सागर, ती आरडाओरडा करते सगळं घर पाहिजे म्हणून. तू आरडाओरड्याकडे लक्ष देऊ नको. दार कुठलं वाजवते तेवढं बघ."

तीनच दारं निघाली. एक, तिच्या स्वतःच्या फोल्डरमधली सेटिंगची फाइल. दोन, शेवटच्या सर्टिफिकेटचा नंबर ती विंडोजच्या नोंदींमध्ये एका जागी लिहायची. ह्या दोन जागांवर, तेवढ्यावरच, चाचांना लिहायची परवानगी दिली. तीन, रोज एक कच्चा कागद ती थेट सी ड्राइव्हच्या अंगणात टाकायची. तिथे परवानगी देणं म्हणजे सगळ्यांना अंगणात सोडणं. मॅडमनी नाही दिली. विंडोजमध्येच जुन्या प्रोग्रॅमसाठी एक सोय असते, ती लावली. म्हातारीला वाटतं आपण अंगणातच टाकला, कागद मात्र चाचांच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो.

तरी उठेना.

दोन दिवस गेले. चाचा रोज विचारायचे, "क्या बोलती है अपनी बुढ्ढी?" मॅडम म्हणायच्या, "बोलेगी." तिसऱ्या दिवशी चाचांनी विचारलंच नाही. सुट्टीचा दिवस असून आले होते. पॅकिंगच्या शेडमध्ये जाऊन टेप कशी मारतात ते बघून आले, आणि हे आम्हाला वॉचमनकडून कळलं. मॅडमनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

दुपारी चारच्या सुमाराला पट्टी एका ओळीवर थांबली. मॅडम म्हणाल्या, "हाई काय शे?"

मी खुर्ची ओढली.

म्हातारी अगदी सुरुवातीलाच, कुठलंही दार वाजवण्याआधी, विंडोजला विचारत होती, हा समोर बसलाय तो मालक आहे का? नाही म्हटलं की गपकन डोळे मिटायची. काम काही नव्हतं तिचं त्याच्याशी. नुसती विचारायची सवय.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या आणि हसायला लागल्या. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा बघितलं.

"सागर, हे तुझं काम आहे."

"माझं?"

"तिला फक्त 'हो' ऐकायचंय. मालकाच्या आवाजात. त्याच सोयीत हे पण आहे. ती विचारेल, मालक का? आपण मधल्या मधे सांगायचं, हो. किल्ली द्यायची नाही, नुसता आवाज द्यायचा." मग चष्मा खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. "नक्कल करायला माझी ना नाही. नक्कल करून लिफाफा उघडायचा नाही. एवढाच फरक."

ते सेटिंग त्यांनी मला लावायला सांगितलं. मी लावलं. चाचांनी दोन्ही हात पँटला पुसले आणि बटण दाबलं. निळी स्क्रीन आली. पांढरी अक्षरं आली. चाचांनी एक गिअर उचलला, मोजला. खटक खटक, खटक. प्रिंटर घरघरला.

"अल्हम्दुलिल्लाह," चाचा म्हणाले. मग सर्टिफिकेट उन्हात धरून मॅडमना म्हणाले, "नंबरही बरोबर आलाय मॅडम. मागच्याच्या पुढचा."

"यायलाच पाहिजे," मॅडम म्हणाल्या आणि डबा उघडला. ठेचा मला आणि चाचांना दोघांना वाढला. मी खाल्ला. डोळ्यातून पाणी आलं, त्याचं कारण ठेचाच होता असं मी अजूनही सांगतो.

ऑडिटचा साहेब आला, टाय लावलेला, पुण्याचा. चाचांच्या कॉम्प्युटरवर मुद्दाम काहीतरी टाकायला गेला. स्क्रीनवर चौकोन आला, ॲडमिनचा पासवर्ड द्या. तो चाचांना म्हणाला, "टाका पासवर्ड."

चाचा खुर्चीतून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

ऑडिटर गोंधळला. "हे काय करताय?"

"पासवर्ड का टाइम है साहेब," चाचा भिंतीलाच म्हणाले. "आपण पण वळा. कायदा आहे."

प्लांट हेड साहेब दारात उभे होते. ते आधीच वळले होते.

ऑडिटरने कागदावर काय लिहिलं मला दिसलं नाही, पण लिहिताना हसत होता. म्हातारी राहिली. चाचा राहिले. तपासणी खोलीत रोज सकाळी जायचं काम मात्र संपलं. चाचा कधीकधी कुरकुरायचे, मॅडम येत नाहीत, तर उंटाकडे बघायचं निमित्तच उरलं नाही.

त्यानंतर वर्षाने मॅडम रिटायर झाल्या. जायच्या आठवडाभर आधी त्यांनी मला ॲडमिन केलं. वहीत लिहिलं, माझं नाव, कारण, तारीख. किती दिवस, ह्या रकान्यात लिहिलं, 'शहाणा राहील तोपर्यंत'. साहेबांनी वाचून सही केली. मग मॅडमनी खालच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे, हक्क काढला. नवा लिफाफा, जोडावर माझी आणि साहेबांची सही. पासवर्ड मी एकट्याने ठरवला.

शेवटच्या दिवशी हार, नारळ, भाषण झालं. साहेब भाषणात तीनदा "बघा, असं आहे" म्हणाले आणि मी ओठ दाबून बसलो. नंतर मॅडम चाचांना भेटायला तपासणी खोलीत आल्या, मी पिशवी धरून मागे. चाचांचा नवा प्रिंटर त्याच दिवशी आलेला, जोडायचा राहिलेला. मॅडमचे हात थोडेच गप्प बसणार. हार काढून टेबलावर ठेवला, खुर्चीत बसल्या, सगळं पटापट केलं, आणि शेवटी चौकोन आला. बोटं कीबोर्डवर गेली. सवयीने म्हणाल्या, "भिंतीकडे बघा."

मी आणि चाचा वळलो. खटखट ऐकू आली. मग शांतता. परत खटखट.

"नाही घेत," मॅडम म्हणाल्या.

मी हळूच मागे बघितलं. त्या स्क्रीनकडे बघत होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं. मला वाटलं आता चेहरा पडेल, आणि मी पुढे झालो, "मॅडम, बसा, मी सांगतो तुम्हाला पासवर्ड, तुम्हीच टाका."

"हे नाही होणार," म्हणाल्या. "बस ना तू."

त्या उठल्या, खुर्ची माझ्याकडे फिरवली. मी बसलो. बोटं ठेवली. मला 'भिंतीकडे बघा' म्हणवेना, त्यांच्यासमोर कसं म्हणणार. त्यांनी वाट नाही बघितली. पदर खांद्यावर घेतला, चाचांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. पाठमोऱ्या. पांढरी होत आलेली वेणी, मानेला हारातली झेंडूची एक पाकळी चिकटलेली.

मी टाइप करायला लागलो. तेवढ्यात त्यांचा हात सावकाश वर गेला, चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"चाचा," त्या म्हणाल्या. "आते दिखना माले. हाऊ तर खरंच उंट शे."